एका चुलीला एक प्रवेश

शाळा व्यवस्थापन समितीत एक शिक्षणतज्ज्ञ असावा लागतो. आमच्या गावात तो मी आहे. शेवगावच्या एका हायस्कुलात मी ग्रंथपाल होतो, एवढंच माझं शिक्षणाशी नातं. मुलांना शिकवायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि आली असती तर निभावली असती असं मला वाटत नाही. समितीच्या बैठकीत मी खिडकीजवळ बसायचो आणि चहा आला की उठून कप वाटायचो.

आमची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतची. राजेश्वरीबाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या आणि काही वर्षांत शाळेचं नाव झालं. दुसरीतली पोरं इंग्रजी वाचायला लागली. इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या गावातून रिकाम्या जाऊ लागल्या. मग कालव्याच्या पाटापलीकडच्या वस्त्यांवरची मुलं आली, शेजारच्या गावांतली आली, आणि गेल्या वर्षी पहिलीचा अर्धा वर्ग ओट्यावर भरू लागला. ऊन फिरलं की मुलं दप्तरं घेऊन भिंतीच्या कडेकडेने सरकत. बाईंनी तालुक्याला कळवलं. तिकडून तोंडी निरोप आला, की खोल्या मिळतील तेव्हा मिळतील, तोवर गावात बसून मिटवा.

मिटवायला सगळे शाळेच्या पटांगणात जमले.

"पाट ही हद्द धरा," अजिनाथ म्हणाला. हा गावातला टेम्पोवाला. त्याचा मुलगा ओट्यावर बसणाऱ्यांतला. "पाटाच्या अलीकडची पोरं हितं, पलीकडची वस्तीशाळंत. त्यांना शाळा न्हाई का? हाय की. दोन खोल्या, एक गुरुजी, मूठभर पोरं. हवा बी लई खेळती."

लोक हसले. काकासाहेब हसला नाही. त्याची आणि त्याच्या धाकट्या भावाची, मच्छिंद्रची, बागायत पाटापलीकडे. दोघांच्याही मुली यंदा पहिलीला येणाऱ्या.

"हवा खेळती असंल तर तुझं पोरगं धाड तिकडं," काकासाहेब म्हणाला. "शाळा रंगवायला वर्गणी काढायची असली की पलीकडचे दिसत्यात तुमाला. बसायला जागा द्यायची म्हणलं की पाट आडवा येतो."

बराच वेळ असंच चाललं. शेवटी पाट हीच हद्द ठरली. आणि तेव्हा, का कोण जाणे, मी उभा राहिलो.

पाटापलीकडच्या माळावर ऊसतोडीला जाणाऱ्यांची घरं आहेत. दिवाळी झाली की आईबाप कारखान्यांवर जातात, श्रीगोंद्याकडे, काही त्याहून लांब, आणि मुलं गावठाणात आजी-आजोबांकडे राहतात. ती मुलं हद्दीबाहेर पडत होती. मी म्हणालो, की ज्या मुलाची आजी किंवा आजोबा गावठाणात राहतात, त्याचा पत्ता तोच धरावा. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. पण अध्यक्ष गहिनीनाथ म्हणाला, "नानाचं बरोबर हाय," आणि कोणी हरकत घेतली नाही. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. घरी जाताना मला जरा उंच झाल्यासारखं वाटत होतं.

वैशाखात गावठाण भरू लागलं. लोक शेतात राहायला गेल्यापासून आमच्या आळ्यांतली निम्मी घरं बंद असायची. आता कुलपं निघाली, शेणाचे सडे पडले, उंबऱ्यांवर म्हाताऱ्या दिसू लागल्या. मला वाटलं, शेतात ऊन फार, म्हणून आली असतील देवळाच्या सावलीला. मी त्यांना रामराम करत जायचो. सगळी वस्त्यांवरची ओळखीची माणसं होती. हे माझ्या नियमाने आलेत, हे मला अजिनाथने सांगितलं, आणि तेही चिडून.

"नाना, तुमी म्हातारी मानसं वाटायला काढली व्हय?" तो म्हणाला. "प्रत्येकानं एकेक खोली घेतली, एकेक म्हातारं आनून ठिवलं. पोरं रातीला वस्तीवर, म्हातारं एकलं हितं. अन् पत्ता झाला गावचा."

 नियम मी तोडीवाल्यांसाठी केला होता. हे असं वापरता येईल, हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. पुस्तकं वाचून माणसं कळतात असं म्हणतात. मला ती कळली नसावीत.

पुढच्या बैठकीत अजिनाथने नियमाला दुसरा नियम जोडला. एका चुलीला पहिलीत एकच प्रवेश. नाहीतर एका आजीच्या नावावर तिची सगळी नातवंडं येतील, असं त्याचं म्हणणं.

"गॅसवाल्यांनी काय करायचं?" कोणीतरी विचारलं.

"गॅस बी चूलच," गहिनीनाथ म्हणाला. "जो येगळं खातो, त्याची चूल येगळी."

"अन् खरं-खोटं बघनार कोन?"

"नाना. नानाचं गावात कुनाशी वाकडं न्हाई."

मी नको म्हणालो. माझं नको कोणाला ऐकू गेलं नसावं.

काकासाहेब आणि मच्छिंद्रचे आईबाप म्हणजे आसाराम आप्पा आणि साळूबाई. दोघं मळ्यातल्या जुन्या घरात राहायची, दोन्ही मुलांच्या बंगल्यांच्या मधे. साळूबाई रांधायची, आप्पा जेवायचे. संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला गेलो की आप्पा मला आग्रह करत, आणि साळूबाई म्हणत, "स्वतः पान्याचा तांब्या घेत न्हाईत, अन् पाव्हन्याला वाढाया सांगत्यात."

साळूबाई मला मारुतीच्या आळीत सापडल्या. काकासाहेबाने तिथली खोली उघडली होती. चुलीवर भात शिजत होता. भिंतीला संस्कृतीचं, काकासाहेबाच्या मुलीचं, नवं दप्तर टांगलेलं होतं.

"आप्पा कुठं आहेत?" मी विचारलं.

"वरच्या आळीला."

"बसायला गेले?"

"राह्यला," त्या म्हणाल्या. "ते मच्छिंद्राच्या वाटनीला आलेत. मी काकासाहेबाच्या."

मी दारातच उभा राहिलो. वाटणीत आई एकाकडे आणि बाप दुसऱ्याकडे, हे मी ऐकलेलं आहे. आमच्याकडे ते नवं नाही. पण वाटणी होऊन वर्षं लोटली होती, आणि तेव्हाही या दोघांना कोणी तोडलं नव्हतं. आता पहिलीच्या वर्गासाठी तोडलं होतं.

"वहिनी, मी लिहितो की एकच चूल आहे," मी म्हणालो. "तुम्ही दोघं मळ्यात जा."

"असलं काय बी करू नगा." त्यांनी भाताखालची लाकडं ओढली. "एक पोरगी ह्या शाळंत अन् एक त्या शाळंत झाली, तर भाऊ-भाऊ तोंडं बघायची न्हाईत येकमेकांची. तुमी लिवा, चूल येगळी."

वरच्या आळीत आप्पांच्या खोलीतून धूर येत होता. मला बरं वाटलं. आत गेलो तर आप्पा चुलीपुढे पाटावर बसले होते, डोळे लाल, कपाळाला काजळी. चूल चांगली पेटली होती. तिच्यावर काहीच नव्हतं. तवा नाही, पातेलं नाही. आप्पा नुसता जाळ घालत होते.

"या, नाना," ते म्हणाले. "बघा, पेटलीय."

"काय करताय?"

"चूल."

"पण वर काही नाही, आप्पा."

"मला कुठं काय करता येतं? मच्छिंद्र म्हणला, दोनी टायमाला धूर दिसला पायजे. लोक ध्यान ठिवत्यात." ते शरमल्यासारखे हसले. शेजारी बिस्किटांचे पुडे होते, काही फोडलेले. एका वाटीत पाणी, त्यात बुडवून खात असावेत.

"वहिनी काही पाठवत नाहीत?"

"आनलं हुतं एकदा झाकून. अजिनाथानं पायलं. मग बंद केलं." ते आणखी एक लाकूड आत सारू लागले. त्या दुपारच्या उन्हात खोलीत उभं राहवत नव्हतं.  मी बाहेर आलो आणि शाळेचं फाटक ओलांडून कितीतरी पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की घर मागे राहिलं.

प्रवेश पक्के करायच्या बैठकीला आळ्यांतली म्हातारी माणसंही आणली होती, पुरावा म्हणून. बायका एका बाजूला बसल्या, त्यांत साळूबाई. आप्पा मच्छिंद्रजवळ. नावं वाचली जात होती. काकासाहेबाच्या संस्कृतीचं आणि मच्छिंद्रच्या निकिताचं नाव आलं तसा अजिनाथ उठला.

"ही दोन येगळी घरं न्हाईत. म्हातारीला ताट नेताना मी सोता पायलंय."

"तुझ्या टेम्पोतनं सगळ्या गावाच्या ताटात दिसतं तुला," मच्छिंद्र म्हणाला.

"नाना सांगतील," गहिनीनाथ म्हणाला. "नाना, बघून आला ना? चूल पेटलेली हुती का न्हाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. साळूबाईंनी काय लिहायला सांगितलं होतं ते मला आठवत होतं. मी हो म्हणणार होतो. होच म्हणालो.

"पेटलेली होती," मी म्हणालो. आणि मग तोंडातून निघून गेलं. "पण तिच्यावर काही नव्हतं. रिकामी चूल पेटवून बसले होते ते."

 मग अजिनाथ म्हणाला, "झालं तर. चूल एकच. एक नाव काढा."

"कुनाचं?" काकासाहेब म्हणाला. "मी थोरला हाय. संस्कृतीचं राह्यलं पायजे."

"म्हातारा-म्हातारीला गावात आनायचं मी सुचवलं," मच्छिंद्र म्हणाला. "तू तर नको म्हणत हुता."

"मी नको म्हणत हुतो म्हणून माझ्या पोरीचं नाव काढतो व्हय रं?"

काकासाहेब खुर्ची सारून उठला. मच्छिंद्रही उठला. गहिनीनाथ दोघांच्या मधे गेला. तेवढ्यात आप्पा काठी टेकत उभे राहिले.

"नाव काढू नगा कुनाचं," ते म्हणाले. "चूल एक न्हाई. आमचा काडीमोड झालाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आमच्याकडे नवरा-बायको कायमचे वेगळे झाले तर काडीमोड म्हणतात. तो पंचांसमोर होतो आणि मागे घेतला जात नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

"आप्पा, ह्या वयात?" अजिनाथसुद्धा हळू आवाजात म्हणाला.

"वयाचं काय. पटंना, म्हणून पटंना. मी तिच्या हातचं जेवत न्हाई. नानांना विचारा, बिस्किटं खातो का न्हाई ते."

कोणी मला विचारलं नाही. गहिनीनाथ बायकांकडे वळला. "काकू, खरंय?"

साळूबाई खाली मातीकडे बघत होत्या. "व्हय," त्या म्हणाल्या. "ते म्हणत्यात तसंच हाय."

अजिनाथ बसला. बाईंनी दोन्ही नावं लिहिली. दोन्ही भाऊही बसले, आणि जरा वेळाने काकासाहेबाने मच्छिंद्रला तंबाखू दिली. मी ते बघत होतो. 

दुसऱ्या दिवशी मी साळूबाईंकडे गेलो. म्हणालो, आता प्रवेश झालेत, आता कोणी बघायला येणार नाही, ताट नेत जा. अजिनाथही काही बोलणार नाही, तो माझ्यापेक्षा खजील झालाय.

"आता न्हाई जमायचं, नाना."

"का?"

"चार मानसांत बोलले ना ते. मी बी व्हय म्हणले. आता मी ताट घिऊन कुठल्या तोंडानं जाऊ?"

"पण ते खोटं होतं, वहिनी. नातींसाठी."

"ते त्यांला ठावं, मला ठावं. पण तोंडातनं गेलं ना." त्या परातीत पीठ मळत होत्या आणि मळतच राहिल्या. "आता ताट नेलं तर पोरी खोट्या पडत्यात. शाळा चौथीपत्तुर हाय ना?"

"चौथीपर्यंत."

"मग तवर."

 आप्पा तोवर असतील का, हे मला विचारवेना, आणि त्याही त्याच हिशेबात असाव्यात, कारण पिठातले त्यांचे हात थांबले होते.

"तुमाला पिठलं येतं का?" त्यांनी विचारलं.

"येतं कसंबसं. बायको गेल्यापासून मीच करतो."

"मग त्यांच्या चुलीवर जाऊन करा. ताट न्हाई, माझं नुसतं बोलनं नेलं तर कुनी हरकत घ्यायची न्हाई. आधी लसूण चांगला लाल करा, त्यांला कच्चा चालत न्हाई. पीठ पान्यात कालवून मग वता, न्हाईतर गाठी व्हत्यात. मीठ मागनं. अन् त्यांला खालचं खरपूस आवडतं, ते त्यांच्यापुढं ठिवा, तुमी खाऊ नगा."

मी ते मनात म्हणत वरच्या आळीला गेलो. आप्पा रिकाम्या चुलीपुढे होतेच. मी कढई चढवली. लसूण लाल केला, पीठ कालवून ओतलं, तरी गाठी झाल्याच. आप्पा बघत होते. मी मीठ मागून घातलं तेव्हा ते म्हणाले, "तिनं सांगितलं?"

"हो."

त्यांनी मान खाली घातली आणि ताटली पुढे केली.

तेवढ्यात मच्छिंद्र आत आला. चुलीवरची कढई बघून दारातच थांबला आणि त्याचा चेहरा खुलला.

"वा, नाना," तो म्हणाला. "आता कसं, चूल चुलीवानी दिसती." त्याने खिशातून मोबाईल काढला. "पालकांच्या ग्रुपवर टाकतो, म्हंजी कुनाचं बोलनं न्हाई. आप्पा, जरा चुलीकडं बघा."

आप्पांनी चुलीकडे बघितलं.

"नाना, तुमी जरा बाजूला व्हा," मच्छिंद्र म्हणाला. "फोटूत तुमी आलात तर आप्पा सोता करत्यात असं वाटायचं न्हाई."

मी उलथणं आप्पांच्या हातात दिलं आणि बाजूला झालो.