घोड्याला आधी जाऊ द्या

आमच्या मुलीनं स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं आणि उरलेलं काम, म्हणजे ते न मोडणं, आमच्यावर सोपवलं.

"मुलगा तयार आहे, मी तयार आहे," ती म्हणाली. "त्याच्या आईबाबांना मात्र आधी तुला बघायचंय."

"मला?"

"तू हटवादी आहेस असं त्यांच्या कानावर गेलंय."

ही बातमी ज्या तोंडातून फुटली असणार, ते शेजारीच बसून मटार सोलत होतं. बायकोनं मान वर केली नाही.

मी शहराच्या रहदारी विभागात आहे. कुठल्या चौकात कुणी थांबायचं आणि कुणी जायचं हे ठरवून त्याचे फलक लावणं हे माझं काम. रस्ता ओस असला तरी मी लाल दिव्याला थांबतो. मागचा हॉर्न वाजवू लागला की उतरून त्याला कारण समजावून सांगतो. बायको याला हटवाद म्हणते. मी याला नोकरी म्हणतो.

भेट जंगलातल्या पायवाटेवर ठरली. मोकळ्या हवेत माणूस खरा कळतो, असं मुलाच्या आईचं मत असल्याचं मुलीनं सांगितलं. ही वाट चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार अशा तिघांसाठी मिळून एकच होती. आमच्या विभागात ज्या गोष्टीबद्दल खुलासा मागवतात, ती इथे सोय म्हणून दिलेली. मुलाचे वडील दातांचे डॉक्टर. ते सायकलवर येणार होते आणि आई घोड्यावर. तबेला वाटेच्या पलीकडच्या टोकाला, म्हणून ती मंडळी तिकडून निघणार, आम्ही इकडून, आणि मध्ये बाकांपाशी भेटायचं.

"बाबा," गाडीतून उतरताना मुलगी म्हणाली, "आज कुणाला काही शिकवायचं नाही."

"मी काय शिकवतो?"

"शपथ घे."

घेतली. आणि दहा पावलांवर तो फलक दिसला. पिवळा, त्रिकोणी, नजरेच्या बरोबर उंचीवर लावलेला. सायकलनं सगळ्यांना वाट द्यावी. चालणाऱ्यानं घोड्याला द्यावी. घोड्यानं कुणालाच नाही. इतका स्वच्छ विचार मी सरकारी पत्र्यावर कधी पाहिला नव्हता. मी फोटो काढला.

"झालं सुरू," बायको म्हणाली. तिनं आजसाठी नवे बूट घेतले होते आणि ते तिला पहिल्या वळणापासून चावत होते.

बाकं यायच्या आधीच, वाट सगळ्यांत अरुंद होते तिथे, ते समोर आले. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला उतार आणि काटेरी झुडपं. पुढे सायकलवर डॉक्टर, मागे घोडा, घोड्यावर मुलाची आई, आणि सगळ्यांत मागे, काहीही पडलं तर उचलायच्या तयारीनं, मुलगा.

डॉक्टरांनी आम्हाला पाहिलं आणि ते टुणकन उतरले. तसाच फलक त्यांच्याकडच्या टोकालाही असणार. सायकल घेऊन ते थेट काट्यांत शिरले आणि म्हणाले, "या, या, तुम्ही आधी."

"छे, छे, तुम्ही या," मी म्हणालो. घोडा होता ना.

तेवढ्यात चाकातून फुस्स असा लांबलचक आवाज आला. सगळ्यांनी तो सौजन्यानं न ऐकल्यासारखं केलं.

मी नियमाप्रमाणे उताराकडे एक पाऊल खाली सरकलो, घोड्याला वाट दिली. घोडा माझ्या मागोमाग उताराकडे सरकला.

"अहो, अहो!" वरून मुलाची आई.

मी आणखी बाजूला झालो. घोडाही आणखी बाजूला झाला. मी झुडपात शिरलो, त्यानंही मान आत घातली आणि माझ्या कॉलरवर गरम श्वास सोडला.

"काका, थांबा!" मुलगा ओरडला. "तो रांगेतला घोडा आहे. पुढे जो चालेल त्याच्या मागे जातो. आत्तापर्यंत बाबांच्या सायकलमागे येत होता."

"मग डॉक्टरसाहेबांनी चालावं," मी झुडपातून म्हणालो.

"मी कसा चालू?" काट्यांतून डॉक्टर म्हणाले. "सायकलनं थांबायचं असतं. लिहिलंय तसं."

हा माणूस मला आवडायला लागला होता, पण वेळ ती नव्हती. आमच्या मागे टोपीवाल्या ज्येष्ठांचा एक गट साचला होता. पलीकडे सायकलवाल्यांनी घंट्या वाजवायला सुरुवात केली. जंगलात वाहतूक तुंबली होती, आणि तीही सगळे नियम पाळत असल्यामुळे.

"मी खाली उतरते," मुलाची आई म्हणाली. तिनं एक पाय हलवला, घोडा हलला, तिनं पाय परत ठेवला. "मला उतरता येत नाही हो. चढवलं तबेल्यातल्यांनी."

"मग घोड्यावर बसलीस कशाला?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात ना, मुलीकडचे जंगलवाले आहेत, आपण घरकोंबडे दिसायला नको!"

"आम्ही जंगलवाले?" बायको दोन्ही बूट हातात घेऊन उभी होती. "आम्हाला तर कळलं की तुम्ही!"

सगळ्यांनी दोन्ही मुलांकडे पाहिलं. मुलं झाडांकडे पाहत होती.

घोडा आणखी एक पाऊल खाली आला. मुलाच्या आईनं त्याची मान दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले. काय करायचं ते मला दिसत होतं. मी वाटेवर यायचं, घोड्याच्या पुढे व्हायचं आणि तबेल्याकडे चालू लागायचं. म्हणजे घोड्याची वाट घ्यायची. फलकाच्या धडधडीत विरुद्ध. डोळ्यांसमोर तो पिवळा त्रिकोण आला. मग मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, प्लीज."

मी वर आलो. मोठ्यानं म्हणालो, "सायकली दरडीला चिकटवा! टोप्या, एका रांगेत! घोडा माझ्या मागे." शपथही मोडली. एकदा मोडायला लागलं की हात सैल होतो.

घोडा निमूटपणे वळला आणि माझ्या मानेत नाक खुपसून चालू लागला. त्याच्या मागे पंक्चर सायकल ओढत डॉक्टर, मग अनवाणी बायको, मग मुलं. वाटेत मी चार चालणाऱ्यांना, दोन सायकलींना आणि एका खऱ्या घोडेस्वाराला बाजूला व्हायला लावलं. कारण कुणालाच समजावलं नाही.

तबेल्यात मालकिणीनं मुलाच्या आईला काखेत हात घालून उतरवलं. जमिनीला पाय लागल्यावर तिनं ते दोनदा आपटून ती जमीनच असल्याची खात्री केली.

"आम्हाला सांगितलं होतं, तुम्ही नियम सोडत नाही," ती म्हणाली.

"सोडत नाही," मी म्हणालो. "आज तुमच्या नशिबानं..."

"आमचे हे काट्यात उभे राहिले, पण हलले नाहीत," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "माझ्याकडून होकार आहे. एकाच घरात दोघं असे असण्यापेक्षा दोन घरांत वाटलेले बरे."

"माझाही आहे," डॉक्टर पोटरीतला काटा काढत म्हणाले. "पण तो फलक होता मात्र सुरेख."

"फोटो आहे माझ्याकडे," मी म्हणालो.

तबेल्याशेजारी चहाची टपरीवजा खोली होती, दार एका माणसापुरतं. आम्ही चौघं त्याच्यासमोर पोचलो.

"चला, तुम्ही आधी," डॉक्टर म्हणाले.

"छे, छे, तुम्ही."

"असं कसं, मुलीकडचे तुम्ही."

"मुलाकडचे तर तुम्ही!"

दारावर कसलाही फलक नव्हता. मुलं आमच्या मधून वाट काढत आत गेली आणि आत्तापर्यंत त्यांचा अर्धा चहा झाला असेल.