तीसपैकी अकरा

चारुदत्तने आईची परीक्षा घेतली, आणि तीही पाहुण्यासमोर. दुखणं ते होतं. दूध उतू जाऊन पातेलं करपलं, हे द्रौपदीबाईंना कबूल होतं. पण म्हणून पोटच्या पोराने कागद-पेन घेऊन समोर बसावं?

तो लखनऊच्या एका संशोधन संस्थेत उंदरांच्या स्मरणशक्तीवर काम करायचा. त्र्याऐंशी सालचा माघ. अलीगंजच्या घरी संस्थेतले उल्हासराव चहाला आले होते. चहा निवायच्या आत याने आईला खुर्चीत बसवलं आणि तारीख विचारली. त्यांनी अष्टमी सांगितली, कारण अष्टमीला त्यांचा उपोसथाचा उपास असे. याने फुली मारली. मग शंभरातून सात-सात कमी करत उलटं यायला सांगितलं. घड्याळ काढायला सांगितलं, तर भाकरीएवढा गोल काढून त्यांनी पेन खाली ठेवलं. शाळेची दोनच वर्षं पाहिलेली बाई, आणखी काय काढणार? तीसपैकी अकरा गुण पडले. उल्हासरावांनी कपात बघत मान हलवली. ती हलणारी मान द्रौपदीबाई विसरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून गॅस बंद, दूधबूथ बंद, सब्जीवाल्या भैयाशी घासाघीस बंद. सगळं सून हेमाकडे गेलं. चारुदत्त सकाळी चार भिजवलेले बदाम हातावर ठेवी आणि म्हणे, "आई, तू फक्त आराम कर. दिमाग को टेन्शन नहीं देना." पिंजऱ्यातल्या उंदराला दाणे टाकावेत तसे. त्या बदाम चावत आणि मनातल्या मनात त्याचा उद्धार करत.

दिवसभर खुर्चीत रिकामं बसून राहण्याने घात केलाच. एका दुपारी त्यांना धाकट्या बहिणीचं नाव आठवेना. नागपूरच्या गल्लीत लहानग्या चारूला कडेवर घेऊन फिरणारी, पुढे बाळंतपणात गेलेली ती पोर डोळ्यांपुढे उभी होती, नाव तेवढं नव्हतं. विचारायचं कुणाला? विचारलं असतं तर आणखी एक फुली पडली असती.

मग त्या हट्टाला पेटल्या. दुपारी हेमा निजली की डोळे मिटून गल्लीतली घरं विहिरीपासून टोकापर्यंत म्हणत, टोकाकडून परत विहिरीपर्यंत येत. पंचशील शेवटाकडून पहिल्याकडे म्हणत. नाव काही आलं नाही. पण डोकं पुन्हा चालू लागलं, तसा रागालाही धार चढली.

बुद्धपौर्णिमेला पार लखनऊच्या लष्करी छावणीपासूनची मराठी बौद्ध घरं त्यांच्याकडे जमत. पंधरा वर्षं वंदना त्या सांगत, बाकीचे मागून म्हणत. यंदा चारुदत्तने वंदनेची पुस्तिका हेमाच्या हाती दिली. मध्येच विसरलीस तर लोकांत कसं दिसेल, असं वर म्हणाला. त्याच्या ड्रॉवरमधला परीक्षेचा कागद द्रौपदीबाईंनी काढून कमरेला खोचला.

हेमाने वंदना वाचली. खिरीच्या वाट्या फिरल्या. द्रौपदीबाई मुद्दाम उल्हासरावांच्या शेजारी जाऊन बसल्या, कागदाची कोरी बाजू वर केली आणि पोराला समोर बसवलं.

"आता तुही पाळी. पंचशील सांग. शेवटून."

लोक हसले, तोही हसला. पाचवं म्हणाला, चौथं म्हणाला आणि अडला. जन्मभर तो आईच्या आवाजामागून म्हणत आला होता.

"आई, सब के सामने..."

"माही परीक्षा का बंद खोलीत झाली होती?"

राहिलेली तिन्ही त्यांनी उलटी, एका दमात म्हणून दाखवली आणि तीन फुल्या मारल्या. विहिरीजवळचं पहिलं घर कुणाचं, हेही त्याला सांगता आलं नाही. चौथी फुली. उल्हासराव खिरीच्या वाटीत बघत होते. या वेळी त्यांचं ते बघणं द्रौपदीबाईंना आवडलं.

"शेवटचं. माही धाकटी बहीण तुले कडेवर फिरवायची. नाव काय तिचं?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

"माया मावशी," तो खाली बघत लगेच म्हणाला.

माया. त्यांनी डोळे मिटले, ओठ न हलवता नाव एकदा म्हटलं, पुन्हा एकदा म्हटलं. मग कागदावर बरोबरची खूण केली, घडी घातली आणि हेमाकडून दुधाची किटली मागून घेऊन मांडीवर ठेवली.

"सातपैकी तीन," त्या म्हणाल्या. "उद्यापासून खुर्चीत तू बसजो, चारू. दूध मी आणीन. अन् ते बदाम आता तुलेच."