माझा शेवट बदलणाऱ्याला

मी वाचनालयातली एक जुनी, गाजलेली रहस्यकादंबरी बोलतेय. बोलतेय कसली, ओरडतेय! इतकी वर्षं गप्प बसून काय मिळालं मला?

माझ्यात टेकडीवरचं एक अंधारं घर आहे, एक कुलूपबंद खोली आहे आणि एक गोडबोल्या नवरा आहे. "तुला भास होतात," असं तो बायकोला रोज सांगतो, आणि ती बिचारी स्वतःच्याच कानांवर शंका घेते. शेवटच्या पानावर मात्र ती त्याला सोडून फाटकाबाहेर पडते. मागे वळूनही बघत नाही.

या शेवटावरून काय भांडणं व्हायची! "तो एवढा पाया पडत होता, थांबायला काय झालं होतं हिला?" म्हणत एका वकिलाने मला टेबलावर आपटलं. एक नर्स शेवट वाचून एकटीच टाळ्या वाजवत बसली. शेवटच्या पानाच्या कोऱ्या पाठीवर तर पेन्सिलींची जुंपली होती. 'बाई चुकली.' त्याखाली, 'तुम्ही राहून बघा त्या घरात.' त्याखाली तिसऱ्या शहाण्याचं, 'पुस्तकात लिहू नये.' आमच्या ग्रंथपाल काकू हसायच्या, पण खोडायच्या नाहीत. मलाही बरं वाटायचं. भांडतात म्हणजे वाचतात.

मग माझी शिवण उसवली आणि मला बायंडरकडे पाठवलं. म्हाताऱ्याच्या हातात जादू, पण डोक्यात लोक काय म्हणतील! त्याची मुलगी चार महिन्यांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली होती. चिकटवायची खळ शिजवता शिजवता ती मला वाचायची. बापाचं रोजचं टुमणं चालू, "किती दिवस राहणार गं? लोक विचारतात."

एकदा ती हसून म्हणाली, "बाबा, या बाईचं काय होतं ते बघू दे, मग सांगते."

गमतीतलं बोलणं हो! पण बापाने ते मनावर घेतलं. ती बाजारात गेल्यावर त्याने माझं शेवटचं पान उघडलं, वाचलं, आणि त्या नालायकाने ब्लेड उचललं.

पान कापून चुलीत घातलं. छापखान्यातल्या मित्राकडून दुसरं छापून आणलं, त्याच टायपात, तसल्याच पिवळट कागदावर. त्यात बाई फाटकातून परत फिरते आणि नवऱ्याचे डोळे पुसते. दोनशे ऐंशी पानं सोसलेलं एका पानात माफ! पेन्सिलीची भांडणंही गेली. माझ्या तोंडात दुसऱ्याचे शब्द कोंबले, तेही इतक्या सफाईने की कुणाला संशय येऊ नये. आग लागो त्या सफाईला!

मुलीने ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. शिवणीवरून बोट फिरवलं आणि मला मिटलं. दुसऱ्या दिवशी बॅग भरून ती नवऱ्याकडे गेली. मी नुसती बघत राहिले.

वाचनालयात परतल्यावर पहिल्याच वाचकाने नाक मुरडलं. "काकू, शेवट अगदीच पुचाट. परत जाते म्हणजे काय!"

"अहो, ती निघून जाते."

"तुम्हीच नीट वाचलं नसेल."

काकू दोन दिवस स्वतःवरच शंका घेत होत्या. शेवटी त्यांनी मला खिडकीशी नेलं, पान उजेडात धरलं, पेन्सिलीची भांडणं गायब आणि कडेला नवा जोड बघितला, आणि तडक बायंडरचं घर गाठलं.

"पान बदललं म्हणून पोरगी परत नांदायला गेली. संसार वाचवला मी तिचा," तो म्हणाला.

"संसार वाचला हो. पोरीचं काय?"

त्याने खळीचे हात फडक्याला पुसले. मग मुलीचा पत्ता लिहून दिला.

वाचकांनो, शेवट पटला नाही तर मला खुशाल शिव्या घाला, आपटा, समासात भांडा. पण मला कापून दुसऱ्याच्या आयुष्याला ठिगळ लावायला जाऊ नका. तुम्हाला कुणी दिला तो हक्क?

आज काकू मला पिशवीत घालून मुलीच्या दारात उभ्या आहेत. नवरा कामावर गेलाय. दार तिनेच उघडलंय. मनगटावर काळानिळा वळ आहे.

"अगं, तुला फसवलं," काकू म्हणतात. "ते पान खोटं होतं."

"माहीत आहे." ती शांत आहे. "लहानपणापासून त्यांची खळ मीच शिजवतेय, त्यांचा हात ओळखणार नाही? पान वाचून नाही आले मी, काकू. मला घालवायला बाबांनी एवढं बारीक काम केलं, मग तिथे कुठल्या तोंडाने राहू?"

माझा नुसता जळफळाट होतोय. काकू तिचा दुसरा हात धरतात.

"माझ्याकडे दोन खोल्या आहेत. एकीत नुसती पुस्तकं. ती हलवू. चल."

ती उंबऱ्यातच थांबलीय. "खरा शेवट काय होता हो?"

"चालता चालता सांगते. आधी चप्पल घाल."