काळ्या रानातलं घर

होळीनंतर म्हाळसाच्या नव्या घराचं दार लागेनासं झालं. आधी वरच्या कोपऱ्यात घासायचं, मग चौकटीत अडकूनच बसायचं. तिच्या नवऱ्यानं, आबानं, रंधा आणून कड तासली. आठ दिवस बरे गेले आणि दार पुन्हा अडकलं. मग एका सकाळी तिला चुलीमागच्या भिंतीत तडा दिसला. खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली तिरका गेलेला, बोट आत जाईल एवढा.

म्हाळसाचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला होता. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणाकडं निघायचं, पाऊस लागायच्या आत माघारी यायचं, जाईल तिथं पाल ठोकायचं. गावाला, न्हावऱ्याला, पाटाचं पाणी आलं तसा त्यांनी ऊस लावला, मेंढरं विकली, आणि सत्त्याण्णव साली विटांच्या तीन खोल्यांवर पत्रा चढला. घर बांधलं होतं बौद्धवस्तीतल्या ज्ञानदेव मिस्तरींनी. म्हाळसानं त्यांनाच बोलावून आणलं.

ज्ञानदेवनं तडा निरखून बघितला. "वैनी, सिमेंटनं भरून घेतो. कळणार बी न्हाई."

पावसाळ्यात तो तडा खरंच मिटला. पण मधल्या खोलीतली फरशी फुगून वर आली आणि दसऱ्याच्या सुमाराला दारावर दुसरा तडा गेला. ज्ञानदेवच्या तीस वर्षांच्या कामात असं कधी झालं नव्हतं. त्याच्या मनाला ते फार लागलं. मुलगी गौतमी डिप्लोमा करून रांजणगावला एका कारखान्याच्या बांधकामावर सुपरवायझर होती. ती सुट्टीला आली तेव्हा तो तिला घेऊन म्हाळसाच्या रानात गेला.

गौतमीनं भिंतीच्या कडेला खड्डा घ्यायला लावला. "दादा, पाया किती घेतला होता?" तिनं बापाला विचारलं.

"तीन फूट. शिरूरला तेवढ्यावर खडक लागतो की."

"आणि इथं?"

"इथं काळीच लागत होती. दगड भरून धुमसानं ठोकून बसवले."

दोघांनी खणत खणत दहा फूट गाठले. तिथंही मुरूम नव्हता, नुसती काळी, चिकट माती. गौतमी वर आली आणि म्हाळसाजवळ बसली.

"मावशी, ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भिंत तिच्यावरच बसलीय, म्हणून तीबी हलते. तडे कितीदा भरले तरी नवे पडणारच."

"मग काय करायचं?"

गौतमीनं बघितलेलं सांगितलं. कारखान्याची कुंपणभिंत अशाच रानात उभी होती. तिथं हातानं फिरवायच्या मोठ्या गिरमिटानं बारा फूट खोल भोकं पाडली होती, तळाशी ती घागरीच्या पोटासारखी रुंद केली होती, आणि सळई सोडून काँक्रीट भरलं होतं. वरची माती हलते, तेवढ्या खोलवरची हलत नाही. त्या खांबांवर बीम टाकायचा, माती फुगली तरी लागू नये म्हणून बीमखाली चार बोटं जागा मोकळी सोडायची, आणि भिंत बीमवर बांधायची.

"म्हंजी ही भिंत पाडायची?"

"व्हय, मावशी."

म्हाळसा उठली. "माझी समदी मेंढरं ह्या भिंतीत गेली. निघा तुम्ही दोघं."

"वैनी, चूक माझी हाय," ज्ञानदेव म्हणाला. "माती न बघता पाया घेतला. पाडायचं काम मीच करीन, आन् बांधीन बी मीच."

ती आत निघून गेली. बरेच दिवस तडे तसेच राहिले. थंडी वाढली तशी घरामागची मोकळी जमीन भेगाळू लागली. एकदा सरपण आणायला गेलेली म्हाळसा एका भेगेपाशी थांबली आणि हातातली काठी तिनं आत सोडली. काठी मुठीपर्यंत खाली गेली. तिला हसू आलं. घरी येऊन आबाला म्हणाली, "आवं, आपण काळ्या रानात पाल कवा ठोकलंया का?"

"न्हाई बा. मेख धरत न्हाई तिथं. उन्हाळ्यात कोकराचा पाय बी अडकतो भेगंत."

"सासरे माळ हुडकायचे. आन् मी शहाणी, हितं भिंत बांधून बसले." दुसऱ्या दिवशी तिनं ज्ञानदेवला निरोप धाडला.

पत्रे उतरले, विटा एक एक सुट्या करून साफ झाल्या. म्हाळसानं वरच्या माळावर पाल ठोकलं. हात विसरले नव्हते. ज्ञानदेव बघतच राहिला.

गौतमीनं रजा टाकून कामावरच्या साहेबांकडून गिरमिट मागून आणलं. कारखान्यावर ते बिहारी मजूर फिरवायचे. तिनं बघितलं होतं, हातात कधी धरलं नव्हतं. पहिलं भोक वाकडं गेलं. ते बुजवावं लागलं. ज्ञानदेवनं तीन वाशांची तिवई उभी केली, मधोमध ओळंबा सोडला, आणि बापलेक दांडा धरून गोल फिरू लागले. दुसरं भोक सरळ उतरलं. पण सकाळी बघावं तर तळाला पाणी साचलेलं. शेजारच्या आनंदरावांच्या उसाला पाणी चालू होतं, ते झिरपून येत होतं.

म्हाळसा त्यांच्या बांधावर गेली. "आनंदराव, आमचं काम उरकंस्तोवर दारं धरू नका, उसाचं पाणी बंद ठेवा."

"उभा ऊस हाय माझा, म्हाळसाबाई."

"थंडीत एवढ्यानं ऊस मरत न्हाई. माझं घर मातुर पुन्हा पडंल."

आनंदराव पुटपुटले, पण पाणी त्यांनी तोडलं. नंतर काय चाललंय ते बघायला आले आणि दांड्याला हात लावून गेले. मग रोजच यायला लागले. एक भोक तर त्यांनी आणि आबानंच पाडलं. गौतमी दोरीला दिवा बांधून तळ बघायची आणि "रुंद झालंय, भरा" म्हणाली की सगळे पाट्या उचलायचे.

गुढीपाडव्याला भिंती उभ्या झाल्या. त्या उन्हाळ्यात रान असं तडकलं की आनंदरावांची चप्पल भेगेत गेली. ज्ञानदेव वरचेवर येऊन भिंतीवरून हात फिरवायचा, कोपरे बघायचा. पावसाळा गेला, दिवाळी आली. भिंत होती तशीच होती.

फराळाला बापलेक आले तेव्हा म्हाळसानं त्यांना चुलीजवळच पाट मांडले. करंज्या वाढता वाढता ती म्हणाली, "गौतमी, मागच्या अंगाला न्हाणी काढायची म्हणते. भोकं किती पाडायची?"

गौतमीच्या तोंडात घास होता. तिच्या आधी ज्ञानदेवच बोलला, "थांबा वैनी, उद्या येऊन आधी माती बघतो."

गौतमीनं मान डोलावली आणि बापाच्या ताटातली करंजी उचलली.