चार बोटं पाणी

"उतरलं! पाणी उतरलं!"

सकाळी आठच्या उन्हात दोनशे माणसं हिमनदीच्या तळ्याकाठी गुडघ्यांवर बसली होती. आदल्या संध्याकाळी जुमादिल बाक्शीनं, म्हणजे मंत्र घालणाऱ्या मांत्रिकानं, पाण्यात खुंटी ठोकून, पाण्याच्या बरोबरीनं तिला लाल दोरा बांधला होता. आता पाणी दोऱ्याखाली चार बोटं होतं. बायका रडत होत्या. आमचा गावप्रमुख ओरोझबेक टोपी काढून उभा होता.

"रात्रभर तळ्याला समजावलं," जुमादिल दमल्यासारखा म्हणाला. "म्हटलं, बाई गं, खाली लेकरंबाळं आहेत, जरा मागं सर. सरली! आता ती फुटणार नाही. माझा शब्द."

मी मागे उभी होते. हाच शब्द त्यानं गेल्या उन्हाळ्यात डोंगरापलीकडच्या गावात दिला होता. तिथलं तळं फुटलं आणि अकरा माणसं चिखलात गेली. त्यांत माझा धाकटा भाऊ मेदेर होता. त्यावर जुमादिलचं उत्तर तयार: "त्यांच्यातल्या कुणाची तरी श्रद्धा डळमळली." म्हणजे मेला तो मेला, वर दोषही त्याचाच! हे ऐकलं त्या दिवशी मी ठरवलं होतं, या माणसाला सोडायचं नाही.

दुपारी गावात सभा झाली. राजधानी बिश्केकहून आलेली जलतज्ज्ञ नुरझान नकाशा घेऊन उभी राहिली. "हिमनदी झपाट्यानं वितळतेय. तळ्याचा बांध म्हणजे नुसते दगड आणि आत बर्फ. या उन्हाळ्यात फुटण्याची शक्यता चारात एक. पाण्याला चर खणून वाट देऊ आणि नदीकाठची तीस घरं पहिल्या बर्फापर्यंत वर हलवू."

"चारात एक?" जुमादिलनं मांडीवर थाप मारली. "पोरी, हे शास्त्र आहे की घोड्यांची शर्यत? नक्की सांग की, फुटणार की नाही?"

"नक्की सांगता येत नाही."

"घ्या! हिला सांगता येत नाही, मला येतं. आता घरं कुणाच्या शब्दावर हलवायची?"

सगळे खो खो हसले. घरं जागची हलली नाहीत. नुरझानचं तोंड एवढंसं झालं.

"एजे, मी खोटं 'नक्की' म्हणायला हवं होतं का?" तिनं मला विचारलं. इथं सगळे मला एजे म्हणतात, म्हणजे ताई.

"मुळीच नको," मी म्हटलं. "त्याचं 'नक्की' कुठून येतं, ते शोधू."

मी गावच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवते, पण त्या नऊ दिवसांत शिकले तेवढं कधी शिकले नव्हते. तळ्याकाठी तंबू ठोकला, पाण्यात आखीव पट्टी रोवली आणि दर दोन तासांनी वाचली. पाणी रोज संध्याकाळी सहाला सगळ्यांत वर, सकाळी आठला सगळ्यांत खाली. फरक चार बोटं, कधी पाच. ना मंत्र, ना जुमादिल. नुरझाननं बंद पडलेल्या जलमापन चौकीच्या जुन्या नोंदवह्या मागवल्या. एका वहीत सहा वर्षांचे सकाळ-संध्याकाळचे आकडे होते आणि प्रत्येक पानाखाली पट्टी वाचणाऱ्याची सही होती: जुमादिल.

म्हणजे याला ठाऊक होतं. भोळा असता, तर कदाचित मी माफही केलं असतं.

मी ओरोझबेककडे गेले, अगदी गोड होऊन, त्याला बाइके म्हणजे दादा म्हणत. "बाइके, मागच्या वेळी म्हाताऱ्या माणसांना वर मुक्कामाला येता आलं नाही. बाक्शींनी चमत्कार दिवसा दाखवला तर? सकाळी दोरा, संध्याकाळी दर्शन."

तिथंच चारचौघांत बसलेल्या जुमादिलचा चेहरा उतरला. "तळं रात्रीच ऐकतं."

"का? दिवसा बहिरं होतं?"

लोक हसले. ओरोझबेकही हसला, आणि जुमादिल अडकला.

सकाळी आठला त्यानं दोरा बांधला. मंत्र झाले, धूप झाला. दुपारी दोरा ओला झाला. चारला तो पाण्याखाली गेला. सहाला तो शोधायला ओरोझबेकला बाही वर करून मनगटापर्यंत हात घालावा लागला.

"कुणाची तरी श्रद्धा..." जुमादिलनं सुरुवात केली.

"खबरदार!" मी ओरडले. "दिवसा ऊन बर्फ वितळवतं, म्हणून पाणी चढतं. रात्री गारठ्यानं वितळणं मंदावतं, तळ्याचं पाणी मात्र ओढ्यानं वाहतच राहतं, म्हणून सकाळी ते उतरतं. हा माझा नऊ दिवसांचा कागद. आणि ही तुझी सहा वर्षांची वही. ही सही कुणाची?"

वही हातोहात फिरली. मी जुमादिलकडे वळले.

"आता नक्की सांग, तळं फुटणार की नाही? फुटणार नसेल, तर पहिल्या बर्फापर्यंत तुझा तंबू नदीच्या पात्रात ठोक."

त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "ते... कोण सांगणार, एजे? होईलही, नाहीही होणार."

ओरोझबेकनं त्याची गचांडी धरली. "फेका याला पाण्यात!" कुणीतरी ओरडलं. मी आडवी आले. दया आली म्हणून नव्हे. मला तो बोलता हवा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला घोड्यावर बसवून डोंगरापलीकडे नेलं. अकरा दारं. प्रत्येक दारात त्याला उभं केलं आणि म्हणायला लावलं: "तुमच्या माणसाचा दोष नव्हता. मला ठाऊक होतं." सातव्या दारात म्हातारीनं त्याच्या तोंडावर ताक फेकलं. नवव्या दारात तो रडायला लागला. मी म्हटलं, "अजून दोन आहेत." अकरावं दार मेदेरच्या बायकोचं होतं. तिनं दार लावून घेतलं. मला वाटलं होतं, माझा जीव थंड होईल. झाला नाही. पण मेदेरवरचा डाग गेला.

आमच्या गावानं चर खणला, तीस घरं वर हलवली. त्या उन्हाळ्यात तळं फुटलं नाही. "उगाच हलवलंत की, एजे!" काही जण आता टोमणे मारतात. मी सांगते, चारात एक म्हणजे बहुतेकदा काहीच होत नाही, आणि एखाद्या वेळी काय होतं ते डोंगरापलीकडे जाऊन विचारा.

हवामान बदलतंय, तेव्हा उद्याचं बोटावर मोजून कुणीच सांगणार नाही. जो "बहुधा" म्हणतो आणि सोबत आपली पट्टी दाखवतो, त्याचं ऐका. जो "नक्की" म्हणतो, त्याला पट्टी मागा. आणि ती दिवसाउजेडी, स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.