आजोबांची ऊठबस

चष्म्याच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला भाऊ आधी खुर्चीत बसवत, मग समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत. शेवटच्या ओळीशी माणूस अडखळला की हळूच म्हणत, "आमच्या आजोबांची मास्तरांकडे ऊठबस होती, बरं का." नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. भाऊंचा अर्धा धंदा आणि सगळा इतिहास त्या फ्रेमच्या जोरावर चालत असे.

मास्तर म्हणजे गावातले जगप्रसिद्ध गणिती. जिवंत होते तोवर लोक त्यांना मास्तर म्हणत आणि ते दिसले की रस्ता बदलत. गेल्यावर ते गणितमहर्षी झाले, त्यांच्या घराचं संग्रहालय झालं आणि रस्त्यालाही त्यांचंच नाव मिळालं, त्यामुळे आता तो बदलायची सोय उरली नाही. गावातल्या बाकीच्या मोठ्या माणसांप्रमाणे भाऊंनीही त्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. संग्रहालयं परगावच्या लोकांसाठी असतात. गावकऱ्यांना ते आपल्याकडे आहे एवढं पुरतं.

खुद्द आजोबा याबद्दल फार बोलले नव्हते. "लहानपणी माझी तिथे रोज ऊठबस असायची," एवढं म्हणून ते मिशीतल्या मिशीत हसले होते, असं भाऊंचे वडील सांगत. वडिलांनी त्या वाक्यात चहा घातला. भाऊंनी बुद्धिबळाचा पट मांडला. आणि लेकीचं लग्न ठरल्यापासून त्यात एक अडलेलं प्रमेयही आलं होतं. मास्तर म्हणे डोकं धरून बसले होते, आणि आजोबा सहज म्हणाले, "उलटं करून बघा की." सुटलं.

लेकीने आपलं आपणच जमवलं होतं. मुलगा सरळ होता. त्याचे वडील बोलत नसत. भाऊंनी त्यांचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं. त्या घरातलं बोलण्याचं सगळं खातं विहीणबाईंकडे होतं. विहीणबाईंची रक्त तपासायची लॅब होती. समोरच्याकडून थोडंसं काढून घ्यायचं आणि त्यात काय काय सापडतं ते निवांत बघायचं, हा त्यांचा धंदा, आणि त्या तो घरी आल्यावरही बंद करत नसत. प्रमेयाची गोष्ट त्यांनी मान तिरकी करून ऐकली. "हो का?" म्हणाल्या. "आणि मग मास्तर काय म्हणाले?" भाऊंनी आणखी थोडं सांगितलं. "अगं बाई. आणि आजोबा बसायचे कुठे?"

"कुठे म्हणजे? खुर्चीवर."

"मग चला की या रविवारी सगळे. तुमच्या आजोबांची खुर्ची तरी बघू."

भाऊ आनंदाने हो म्हणाले, आणि विहीणबाई गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्याकडे खुर्ची नाही.

"आधी एकदा जाऊन येऊ," ते बायकोला म्हणाले. "खुर्ची ठरवून टाकू. आयत्या वेळी चार खुर्च्या दिसल्या तर गोंधळ व्हायला नको."

"आजोबांची खुर्ची तुम्ही ठरवणार?"

"दुसरं कोण ठरवणार? वारस मीच आहे."

म्हणून ऐन सकाळी दुकानाला कुलूप लावून नवरा-बायको मास्तरांच्या घरी गेले. दारात देखरेखीची बाई विणकाम करत बसली होती. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, लोकरीचा गुंडा मांडीवर. लोक आलेले बघून तिला आनंद झाला नाही.

"चप्पल बाहेर. दोरीच्या आत जायचं नाही. आणि कवळीचा फोटो काढायचा नाही."

कवळी पहिल्याच खोलीत होती. काचेच्या पेटीत, मखमलीवर, खालून दिवा सोडलेली. मास्तर गेले तरी दात अजून कुणावर तरी चिडलेले वाटत होते. पुढे मास्तरांच्या चपला, मास्तरांची छत्री, मास्तरांची उशी, अभ्र्यासकट आणि डोक्याच्या खड्ड्यासह जतन केलेली. न्हाणीघराच्या दारावर पितळी पाटी होती, "अनेक सिद्धांत महर्षींना येथे सुचले."

"तुम्हाला तिथे नुसता उशीर होतो," बायको म्हणाली.

दिवाणखान्यात खिडकीशी एक वेताची खुर्ची होती. भाऊ तिच्यासमोर थबकले. उजेड बरोबर पडत होता. मागे पुस्तकं होती. "हीच," ते कुजबुजले.

"तिचा एक पाय आखूड आहे. आजोबा कलंडले असते."

"बुद्धिबळात पुढे झुकूनच बसतात."

"ती मास्तरांची नाही," देखरेखीची बाई सुया न थांबवता म्हणाली. "कोपरा रिकामा दिसत होता म्हणून आम्ही बाजारातून आणली. मास्तरांकडे एकच खुर्ची होती, ती आत आहे. दुसऱ्या कुणाला बसवायची त्यांना सवयच नव्हती."

भाऊंनी खाकरून घसा साफ केला. आता ओळख द्यायची वेळ आली होती. "बाई, आमच्या आजोबांची या घरात ऊठबस होती."

बाईच्या सुया थांबल्या. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर उत्साह दिसला. "खरंच? मग आधी सांगायचं नाही का? या, या. ती जागा आतल्या खोलीत."

तिने लगबगीने आतली खोली उघडली. एका बाजूला फळा, दुसऱ्या बाजूला मास्तरांची एकुलती एक खुर्ची, आणि मध्ये एक लाकडी खांब. खांबासमोरची फरशी बशीसारखी खोलगट झिजलेली होती. खांबावर पाटी होती, "ऊठबशीचा खांब."

"मास्तर सकाळी आळीतल्या पोरांना पाढे शिकवायचे," बाई म्हणाली. तिचं पाठ केलेलं भाषण होतं, पण आज ती ते मन लावून म्हणत होती. "पाढा चुकला की शिक्षा. पण सभ्य माणूस, उठाबशा हा शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आत येऊन एवढंच विचारायचे, 'आज कुणाची ऊठबस?' की पोरगं कान धरून खांबापाशी. फरशी बघितलीत? ती काही सगळ्यांनी मिळून झिजवलेली नाही."

शेजारी फोटो होता. तीन पोरं. कडेची दोघं हात पाठीमागे बांधून सज्जनासारखी उभी. मधला गुडघ्यात वाकलेला, दोन्ही हातांनी कान धरलेला. कान असे की मुठींत धरूनही वरून, खालून आणि बाजूने उरले होते. खाली छापलं होतं, "महर्षींचा नित्याचा विद्यार्थी."

बाईने फोटो पाहिला. मग भाऊंकडे पाहिलं, आधी उजवीकडून, मग डावीकडून.

"तुमचा चष्मा कधी घसरत नसेल," ती म्हणाली.

बायको तोंडाला रुमाल लावून बाहेरच्या अंगणात गेली. तिथल्या झाडाला धरून ती बराच वेळ उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाईंना महर्षींच्या आठवणीने भरून आलंय.

 घरी आल्या आल्या भाऊंनी विहीणबाईंना फोन लावला.

"काय आहे, रविवारी ते घर बंद असतं म्हणे."

"सोमवारी बंद असतं," विहीणबाई म्हणाल्या. "मी चौकशी केली."

"हो, पण आतली खोली म्हणे दुरुस्तीला..."

"कुठली आतली?"

भाऊंनी फोन चुकून ठेवल्यासारखा ठेवला. मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर घराचा नकाशा काढला. कवळीपाशी मौनीबाबांना गुंतवायचं. न्हाणीघरापाशी आपण एक विनोद करायचा. तेवढ्यात बायकोने विहीणबाईंना अंगणातलं झाड दाखवायला न्यायचं.

"झाड मी बघितलंय," बायको म्हणाली. "मला पुन्हा हसू येईल."

"तुला गंमत वाटते. घराण्याची अब्रू जातेय."

"घराण्याची नाही हो. फक्त प्रमेयाची."

लेक कामावरून आली तेव्हा नकाशा टेबलावरच होता. तिने तो उलटा-सुलटा करून पाहिला. खांबाच्या जागी बाबांनी मोठी फुली मारली होती. ती खाली बसली.

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तुला माहीत होतं?"

"शाळेची सहल गेली होती की आमची. अख्ख्या वर्गाने फोटो बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. शाळा संपेपर्यंत माझं नाव 'ऊठबस' होतं. केस कानावरून घ्यायला लागले ते तेव्हापासून."

तिचे केस कानांवरून का असतात, हे भाऊंनी कधी विचारलं नव्हतं. फॅशन असेल असं धरून चालले होते. माणसांचे कान बघून चष्म्याच्या काड्या वाकवणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग, आणि घरातले कान त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले नव्हते.

"मला कधी बोलली नाहीस."

"घरी येऊन सांगणारच होते. पण तुम्ही दुकानात कुणाला तरी तेच सांगत होतात, आणि इतके खूश होतात. म्हटलं, जाऊ दे."

भाऊ नकाशाची घडी घालत बसले. घडी झाली, उलगडली, पुन्हा झाली. "जावयाला?"

"त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं."

"आणि त्याने?"

"आईला सांगितलं. तो आईपासून काही लपवत नाही. तेवढी एक त्याच्यात खोट आहे."

भाऊंना सगळं चित्र लख्ख दिसलं, नवा नंबर लागल्यासारखं. प्रमेय सांगताना तिरकी झालेली ती मान. तो 'हो का'. ती 'अगं बाई'. विहीणबाईंनी नमुना केव्हाच घेतला होता. रिपोर्टही तयार होता. फक्त रुग्ण स्वतःच्या तोंडाने काय सांगतो, ते बघायचं राहिलं होतं. आणि हीच बाई आता जन्मभर दर सणासमारंभाला समोर बसणार होती.

"मला ताप येतोय," भाऊ म्हणाले.

"येऊ द्या," लेक म्हणाली, "म्हणजे त्या रक्तच तपासतील."

रविवारी सगळे जमले. मौनीबाबा कवळीसमोर स्वतःहून गुंतले. स्वतःच्या वरच्या दातांवरून जीभ फिरवत ते बराच वेळ तुलना करत होते. न्हाणीघरापाशी भाऊंना विनोद आठवला नाही. दिवाणखान्यात ती वेताची खुर्ची खिडकीशी तशीच तोऱ्यात होती, उजेड बरोबर पडत होता, आणि विहीणबाई तिच्यासमोर येऊन थांबल्या.

"भाऊ," त्या साखरेत घोळवून म्हणाल्या, "आजोबांची ती हीच का?"

देखरेखीच्या बाईच्या सुया थांबल्या. बायकोने रुमाल काढून तयार ठेवला. एक 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. विहीणबाईंनीही 'हो का' म्हटलं असतं, आणि हा खेळ दोघांपैकी एक जण मरेपर्यंत गोडीत चालला असता. भाऊंनी लेकीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा हात कानावरचे केस सारखे करत होता.

"खुर्ची नव्हती," भाऊ म्हणाले. "खांब होता. आत आहे. या, दाखवतो."

आतल्या खोलीत ते फोटोपाशी जाऊन उभे राहिले. "हे मधले. आमचे आजोबा. पाढे येत नव्हते. प्रमेय मी घातलं, बुद्धिबळही माझंच. चहा वडिलांचा. आजोबांचं स्वतःचं एवढंच, ऊठबस. ती अशी."

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी दोन्ही कान धरले आणि खोलगट फरशीवर खाली बसले.

बस जमली. ऊठ काही जमेना. गुडघ्यांतून कुठलं तरी फाटक उघडल्यासारखा आवाज आला आणि भाऊ तिथेच राहिले, कान धरलेले, फोटोच्या बरोबर खाली. वर एक, खाली एक, मध्ये दोन पिढ्यांचं अंतर आणि कानांत तसूभर फरक नाही.

"फरशीवर बसायला परवानगी नाही," देखरेखीची बाई म्हणाली.

"मी बसलेलो नाही. अडकलोय."

विहीणबाई आधी नाकातून हसल्या, मग मोठ्याने, मग त्यांना मास्तरांच्या एकुलत्या एक खुर्चीचा आधार घ्यावा लागला, दोरीसकट. "आणि मी," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आणि मी तुम्हाला रंगवून रंगवून विचारत होते, मास्तर काय म्हणाले."

"कळलं ते मला. उशिरा कळलं."

"पाढे आले का मग शेवटी आजोबांना?"

"नाही. म्हणून तर पुढे चष्म्याच्या धंद्यात पडले. त्यात जास्तीत जास्त दोनच काचा मोजाव्या लागतात."

लेक हसत पुढे आली, पण बाबांना ओढायला दोन्ही हात हवे होते आणि केस सारखे डोळ्यांवर येत होते, म्हणून तिने ते मागे घेऊन घट्ट बांधून टाकले. देखरेखीच्या बाईने फोटोकडे, भाऊंकडे आणि तिच्याकडे एका रांगेत पाहिलं आणि विणकाम खाली ठेवलं.

तेवढ्यात मौनीबाबा आत आले. त्यांनी काही न विचारता भाऊंना काखेत हात घालून उचलून उभं केलं, त्यांचा चष्मा बघितला, तो जरासुद्धा हलला नव्हता, आणि लग्न ठरल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलले.

"आता आमच्याकडेही ऊठबस असू द्या."

"येईन," भाऊ गुडघे चोळत म्हणाले. "खुर्ची असेल तर."