नऊ अंशांचा पंख

मित्रांनो, मी दोन हात लांबीचा सागवानी पंख. म्हातारा झालो, पण आयुष्यात एकदाही उडालो नाही. तरी एके काळी माझा केवढा बोलबाला होता! तो एका सकाळीत कसा संपला, ते ऐका.

बंगळुरूच्या एका विमान संशोधन केंद्रात वीरभद्राचारी नावाच्या सुतारानं मला घडवलं. माझा आकार डॉ. नागरत्ना हेब्बार यांनी कागदावर काढला होता, लहान आणि हळू उडणाऱ्या विमानासाठी. वीरभद्राचारींना सगळे नुसतं आचारी म्हणत. ते रंधा मारत, हात फिरवून बघत आणि पुन्हा रंधा मारत.

"मॅडम, पोरीच्या लग्नातला पाटसुद्धा मी एवढा घासला नव्हता," ते कुरकुरायचे.

"पाट वाऱ्यात धरायचा नसतो हो आचारी. घासा अजून," मॅडम हसून म्हणायच्या.

मॅडमना त्या केंद्रात सव्वीस वर्षं झाली होती. मागून आलेले पुढे गेले, त्या होत्या तिथेच राहिल्या. आपल्या कामाला कोणीतरी काम म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्या कधी बोलून दाखवत नसत, पण रोज त्यांच्या हातात असल्यामुळे मला ती कळायची.

मी तयार झालो तो आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी. पूजेला सगळ्या यंत्रांना फुलं वाहिली, कोहळा फोडला, चुरमुरे-डाळं वाटलं. आचारींनी मोठ्या मायेनं माझ्या पुढच्या कडेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गंधाचे ठिपके लावले. फुलं दुसऱ्या दिवशी निघाली. गंध वाळून चिकटून बसलं. त्या केंद्रात गंध नसलेलं यंत्र शोधूनही सापडलं नसतं, म्हणून ते कोणाच्या नजरेतच भरत नसे.

सुट्टी संपल्यावर मला वाऱ्याच्या बोगद्यात बसवलं. समोरून वारा सोडायचा आणि माझं नाक, म्हणजे पुढची कड, एकेक अंश वर करायचं. पंख कलतो तशी त्याची उचल, म्हणजे वाऱ्यानं त्याला वर ढकलण्याचा जोर, वाढते. पण कल फार झाला की वारा पाठीवरून सुटतो आणि उचल एकदम कोसळते. विमानाचं असं झालं तर ते दगडासारखं खाली येतं. माझी उचल फार तर दहा अंशांपर्यंत टिकेल असं सगळ्यांना वाटत होतं. मी पंधरा अंशांपर्यंत टिकलो! मॅडमनी चाळीस वेळा प्रयोग केला आणि चाळीसही वेळा आकडा तोच आला.

मग काय विचारता! मॅडमचा शोधनिबंध परदेशात छापून आला. लोक माझा फोटो मागू लागले. दोन वर्षांनी विमानशास्त्रज्ञांच्या संस्थेनं मॅडमना आपला सर्वांत मोठा सन्मान जाहीर केला. मीही फुशारलो. तो आकार माझाच होता ना!

समारंभ संध्याकाळी चारला होता आणि त्यानंतर पाहुण्यांसमोर मला बोगद्यात चालवायचं ठरलं होतं. संचालक पद्मनाभय्या म्हणाले, "पंख आरशासारखा चकाकला पाहिजे." म्हणून आदल्या दिवशी आचारींनी मला बारीक पॉलिशपेपरनं घासलं आणि रोगण दिलं.

समारंभाच्या दिवशी सकाळी रंगीत तालीम झाली. सात अंश, आठ अंश, नऊ अंश, आणि माझी उचल कोसळली.

उचल मोजणारा काटा खाली पडला. "परत," मॅडम म्हणाल्या. पुन्हा नऊ. तिसऱ्यांदाही नऊ. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आचारींची जीभ अडखळली. "मॅडम, मी... मी काल फक्त गंध काढलं हो."

मॅडमनी माझ्या नाकावरून बोट फिरवलं आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या. "खडबडीत कडेवर वारा घुसळला जातो आणि पाठीला धरून राहतो. नवीन काही नाही यात. दरवर्षी शिकवते मी हे! दरवर्षी!"

मित्रांनो, मी सुन्न झालो. दोन वर्षं जी स्तुती मी माझी समजत होतो ती ठिपक्यांची होती. माझा आकार अगदी साधा होता.

पद्मनाभय्यांनी दार लोटून घेतलं. "आचारी, गंध उगाळा. दोन मिनिटांचं काम आहे. मॅडम, आज शाल घ्या, बाकीचं नंतर बघू."

"सर, हा आकडा धरून उद्या कोणीतरी विमान बांधेल. त्याला गंध कोण लावणार?"

"सव्वीस वर्षं थांबलात आणि आज दारात आलेलं परत पाठवता?"

मॅडम उठून आचारींजवळ गेल्या. आचारी रडत होते. "माझ्या हातून झालं, मॅडम."

"तुम्ही पूजा केलीत. नीट बघायचं काम माझं होतं," त्या म्हणाल्या.

चार वाजता व्यासपीठावर त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी शाल घेतली नाही, माईक घेतला. सगळं सांगितलं, गंधासकट. मला वाटलं, निदान एखादा तरी उठून टाळ्या वाजवेल. कोणी हललं नाही. शाल घडी करून परत डब्यात गेली. तीन वर्षांनी मॅडम होत्या त्याच पदावरून निवृत्त झाल्या. मी कितीतरी वर्षं कपाटात धूळ खात होतो.

आता मला नव्या इंजिनिअरांच्या वर्गात टांगलं आहे. माझ्याबद्दल ऐकून काही जण हसतात, काही जण गप्प होतात.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण उद्या तुम्हीही मोठे व्हाल आणि कोणी तुम्हाला शाल घालायला येईल. त्या दिवशी सकाळी आपलं काम पुन्हा एकदा वाऱ्यात धरून बघा. ते कोसळलं, तर तसं सांगा. टाळ्या वाजणार नाहीत. मॅडमसाठीही वाजल्या नव्हत्या, आणि मला तर हातच नाहीत.